फिक्सिंगमध्ये सापडलेला पोरगा आणि आजीवन बंदीचा न्याय

क्रिकेटमधले फिक्सिंगचे प्रकरण बाहेर आले की पहिल्या तासाभरात एकच मागणी सुरू होते. याला आयुष्यभर बाहेर काढा. टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, टीव्हीच्या चर्चेत सगळीकडे हेच वाक्य. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या तीन खेळाडूंना अटक झाली तेव्हा आम्हीही तेच म्हणालो होतो. राग खरा होता. रात्र जागून सामना बघायचा आणि नंतर कळायचे की ते षटक आधीच विकले गेले होते, म्हणजे फसवणूक आपलीच झाली.

पण राग खरा असला म्हणून त्या रागात सुचलेली शिक्षा न्याय्य ठरत नाही. गेल्या पंचवीस वर्षांतली फिक्सिंगची मोठी प्रकरणे एकापाठोपाठ मांडून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. सर्वांत कमी ताकदीचा खेळाडू बहुतेक वेळा सर्वांत आधी बळी जातो आणि त्याला या धंद्यात ओढणारे, त्यावर पैसा कमावणारे तुलनेने सुखरूप सुटतात. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. फिक्सिंग हा गुन्हा आहे आणि त्याला कडक शिक्षा हवी. मात्र पहिल्यांदा सापडलेल्या तरुण खेळाडूवर सरसकट आजीवन बंदी घालणे अन्यायाचे आहे. आजीवन बंदी हवी ती त्या पोराला बोट धरून आत नेणाऱ्यावर. मग तो दलाल असो, कर्णधार असो की संघाचा मालक.

लॉर्ड्सवरचा अठरा वर्षांचा मुलगा

ऑगस्ट २०१०. लॉर्ड्सवर पाकिस्तान आणि इंग्लंडची कसोटी. मोहम्मद आमिर अठरा वर्षांचा होता. रावळपिंडी जिल्ह्यातल्या गुजरखान भागातल्या चंगा बंग्याल या खेड्यातून आलेला डावखुरा वेगवान गोलंदाज. त्याच सामन्यात त्याने एका डावात सहा बळी घेतले आणि त्याच सामन्यात ठरवून नोबॉलही टाकले. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या बातमीदाराने मजहर मजीद या एजंटला दीड लाख पौंड दिले होते आणि कोणता चेंडू नोबॉल पडणार हे त्याने आधीच सांगितले होते. कर्णधार सलमान बट आणि दुसरा गोलंदाज मोहम्मद आसिफ हेही त्यात होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये दोहा येथे आयसीसीच्या न्यायाधिकरणाने निकाल दिला. बटला दहा वर्षे, त्यातली पाच स्थगित. आसिफला सात वर्षे, त्यातली दोन स्थगित. आमिरला पाच वर्षे. तेव्हाच्या नियमानुसार या गुन्ह्याला पाच वर्षे हीच सर्वांत कमी शिक्षा होती. किमान शिक्षेच्या नियमात लवचिकता आणण्याचा विचार करावा, अशी शिफारस त्याच न्यायाधिकरणाने आयसीसीकडे केली. पुढे नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या साउथवर्क न्यायालयाने मजीदला दोन वर्षे आठ महिने, बटला अडीच वर्षे, आसिफला एक वर्ष आणि आमिरला सहा महिने तुरुंगवास दिला. न्यायाधीशांनी कर्णधाराची जबाबदारी सर्वांत मोठी मानली. गरीब खेड्यातून आलेल्या पोराला त्याने यात ओढले, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले.

आमिर अगदी भाबडा होता असे आम्ही म्हणत नाही. न्यायाधिकरणापुढे त्याने आरोप नाकारले होते. न्यायालयात मात्र गुन्हा कबूल केला. तुरुंगात गेला, पाच वर्षे बाहेर बसला, आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाला सहकार्य केले. म्हणून जानेवारी २०१५ मध्ये त्याला देशांतर्गत क्रिकेट थोडे आधी खेळू दिले गेले. जानेवारी २०१६ मध्ये तो पाकिस्तानकडून परतला. जुलै २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर पाकिस्तानने कसोटी जिंकली तेव्हा शेवटचा बळी त्याने घेतला. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली आणि धवन यांना त्याने कसे बाद केले हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बट आणि आसिफ पुन्हा कधी पाकिस्तानकडून खेळले नाहीत. म्हणजे नियमात पाच-सात वर्षांचीच बंदी असूनही दोघांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे काय, हे यावरून समजावे. वेगवान गोलंदाजाची जेमतेम दहा-बारा वर्षांची उमेद असते. त्यातली पाच गेली की अर्धे आयुष्य गेले.

नागपूरचा सामना आपण विसरलो

आता दहा वर्षे मागे, आपल्याच नागपुरात येऊ. १९ मार्च २०००. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, एकदिवसीय सामना. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने संघातल्या दोघांना प्रत्येकी पंधरा हजार डॉलर देऊ केले होते. हर्शेल गिब्सने वीसपेक्षा कमी धावा करायच्या आणि हेन्री विल्यम्सने दहा षटकांत पन्नासपेक्षा जास्त धावा द्यायच्या. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्सने ५३ चेंडूंत ७४ धावा केल्या आणि विल्यम्स दुसऱ्याच षटकात जायबंदी झाला. सौदा फसला, पण होकार दिला होता हे खरे.

यातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी नीट पाहावी. त्याच दौऱ्यात बेंगळुरूच्या कसोटीच्या वेळी क्रोनिएने कॅलिस, बाउचर आणि क्लुसनर यांच्याकडेही विषय काढला होता. ते तिघेही गोरे. त्यांनी दाद दिली नाही. त्यानंतर कर्णधार ज्या दोघांकडे गेला ते दोघेही वर्णभेदाच्या राजवटीने 'कलर्ड' म्हणून वेगळ्या रकान्यात टाकलेल्या समाजातले होते. वर्णभेद कायद्याने संपून तेव्हा सहाच वर्षे झाली होती. ज्या संघाची दारे पिढ्यान्‌पिढ्या तुमच्यासाठी बंद होती, त्या संघाचा गोरा कर्णधार तुम्हाला खोलीत बोलावून काही सांगतो, तेव्हा 'नाही' म्हणण्याची किंमत सगळ्यांसाठी सारखी नसते. हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. साहेबाने सांगितलेले न ऐकणे कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी नोकरीत पाहिले आहे.

क्रोनिएवर आजीवन बंदी आली. गिब्स आणि विल्यम्स यांना सहा-सहा महिन्यांची बंदी आणि दंड झाला. आम्हाला हा न्यायाचा क्रम बरोबर वाटतो. ज्याच्या हातात संघ होता त्याला जन्माची शिक्षा आणि ज्यांनी हो म्हटले पण पुढे सत्य सांगितले त्यांना मोजकी. गिब्स पुढे दहा वर्षे खेळला, २००७ च्या विश्वचषकात एका षटकात सहा षटकार मारले. विल्यम्स मात्र पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही.

इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्येही असेच एक प्रकरण झाले. एसेक्सचा मर्विन वेस्टफिल्ड याने सप्टेंबर २००९ मध्ये, एकवीस वर्षांचा असताना, डरहॅमविरुद्ध एका षटकात ठरवून धावा देण्यासाठी सहा हजार पौंड घेतले. २०१२ मध्ये त्याला चार महिन्यांचा तुरुंगवास आणि पाच वर्षांची बंदी झाली. त्याला या सौद्यात आणणारा ज्येष्ठ सहकारी दानिश कनेरिया याच्यावर मात्र इंग्लंडच्या मंडळाने आजीवन बंदी घातली. कनेरिया सहा वर्षे इन्कार करत राहिला आणि २०१८ मध्ये त्याने कबुली दिली. इथेही तत्त्व तेच. ओढणारा आणि ओढला गेलेला यांना एकाच तराजूत तोलले नाही.

आपल्याकडे मात्र उलटे घडले

१६ मे २०१३ ला दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना मुंबईत अटक केली. अंकित चव्हाण मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. या खेळाडूंवर महाराष्ट्राचा मकोका लावला गेला. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी केलेला हा कायदा. सप्टेंबर २०१३ मध्ये बीसीसीआयने श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. अटकेपासून जन्माच्या शिक्षेपर्यंत चार महिने लागले.

त्याच हंगामात चेन्नई सुपर किंग्जशी संबंधित गुरुनाथ मयप्पन याला सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक झाली. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचा तो जावई आणि चेन्नईचा संघ श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सच्या मालकीचा. जुलै २०१३ मध्ये मंडळाच्या दोन सदस्यांच्या समितीने मालकांना निर्दोष ठरवून टाकले. ती समितीच बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने लगेच सांगितले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, मुद्गल समिती झाली, लोढा समिती झाली. १४ जुलै २०१५ ला मयप्पन आणि राज कुंद्रा यांना क्रिकेटच्या कामकाजातून आजीवन बाहेर काढले आणि चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. खेळाडूला जन्म आणि कंपनीला दोन वर्षे. चेन्नई २०१८ मध्ये परत आली आणि त्याच वर्षी विजेतेपद घेऊन गेली. तेव्हा अंकित चव्हाण क्लबच्या मैदानावरही अधिकृत सामना खेळू शकत नव्हता.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणातल्या सर्व ३६ आरोपींना आरोपमुक्त केले. मंडळ म्हणाले, फौजदारी खटला वेगळा आणि आमची शिस्त वेगळी. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. श्रीशांत केरळ उच्च न्यायालयात गेला, ऑगस्ट २०१७ मध्ये जिंकला, ऑक्टोबरमध्ये मोठ्या पीठापुढे हरला आणि १५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले नाही. दोषी ठरवणारा निष्कर्ष कायम ठेवला. पण आजीवन बंदी रद्द केली. मंडळाच्या स्वतःच्या नियमात पाच वर्षे ते आजीवन असा पट्टा दिलेला असताना, गुन्हा गंभीर करणाऱ्या आणि सौम्य करणाऱ्या बाबी न तपासता थेट शेवटच्या टोकाची शिक्षा देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. मंडळाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी मग ती सात वर्षांवर आणली. ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. जानेवारी २०२१ मध्ये श्रीशांत केरळकडून पुन्हा खेळला.

अंकित चव्हाणची बंदीही सात वर्षांवर आली, पण त्याचा आदेश निघाला २०२१ मध्ये. म्हणजे सात वर्षे भरून गेल्यावर त्याला कळले की आपली शिक्षा सात वर्षांची होती. एकाच दिवशी एकाच कारणाने बंदी आलेल्या दोघांना न्याय मिळायला एवढे अंतर पडले. ज्याच्यामागे नाव आणि मोठे वकील आहेत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. बाकीच्यांनी त्याच्या निकालाच्या सावलीत वाट बघायची. उद्या परभणीचा, वाशिमचा एखादा पोरगा सापडला तर तो कुठवर लढेल?

मोठ्या नावांना वेगळा न्याय ही रीत जुनी आहे. १९९४ च्या सुमारास खेळपट्टीची आणि हवामानाची माहिती एका बुकीला पुरवून पैसे घेतल्याबद्दल शेन वॉर्न आणि मार्क वॉ यांना ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने गुपचूप दंड केला. वॉर्नला आठ हजार आणि वॉला दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. एकाही सामन्याची बंदी नाही. जगाला ते कळले डिसेंबर १९९८ मध्ये.

जरब बसते का?

आजीवन बंदीच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद जरबेचा आहे. एकाला कायमचे बाहेर काढले की दहा जण घाबरतील. हे ऐकायला पटते. पण इतिहास तसे सांगत नाही. २००० साली सलीम मलिक, अझरुद्दीन आणि क्रोनिए अशा तीन देशांच्या तीन माजी-आजी कर्णधारांवर आजीवन बंदी आली. यापेक्षा मोठी जरब कोणती? तरीही नऊ वर्षांनी डरहॅम झाले, दहा वर्षांनी लॉर्ड्स झाले, तेरा वर्षांनी आयपीएल झाले. शिवाय यातल्या मलिक आणि अझरुद्दीन यांच्यावरच्या बंद्या पुढे न्यायालयांनी रद्द ठरवल्या. अझरुद्दीनच्या बाबतीत आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती बेकायदा म्हटली. तोवर तो खासदार झाला होता आणि २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट संघटनेचा अध्यक्षही झाला. घाईने दिलेली टोकाची शिक्षा न्यायालयात टिकत नाही आणि मग तिची जरबही उरत नाही.

माणूस शिक्षेच्या आकड्याला जितका घाबरतो त्याहून जास्त पकडले जाण्याला घाबरतो. आणि पकडले कोणी? २००० मध्ये क्रोनिएचे संभाषण दिल्ली पोलिसांच्या फोन टॅपिंगमध्ये सापडले. २०१० मध्ये एका वृत्तपत्राने सापळा लावला. २०१३ मध्ये पुन्हा दिल्ली पोलीस. क्रिकेटच्या स्वतःच्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने या तीनपैकी एकही प्रकरण आधी उघडे केले नाही. घराला कुलूप लावायचे नाही, चौकीदार झोपलेला आणि सापडलेल्या पोराचे हात मात्र तोडायचे, अशी ही जरब आहे.

आजीवन बंदीचा आणखी एक तोटा आहे. तिच्यामुळे सापडलेला खेळाडू तोंड उघडत नाही. सगळेच संपले असेल तर तो दलालाचे नाव का सांगेल? आमिरने सहकार्य केले कारण पुढे दार दिसत होते. झिम्बाब्वेचा ब्रेंडन टेलर याने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून जाहीर केले की एका भारतीय व्यावसायिकाने त्याला बोलावून अमली पदार्थ दिले, चित्रण केले आणि मग धमकावून पंधरा हजार डॉलर हातात ठेवले. वेळेवर न कळवल्याबद्दल त्याला साडेतीन वर्षांची बंदी झाली. जाळे कसे टाकतात हे या एका कबुलीतून जितके कळले तितके दहा आजीवन बंद्यांतून कळले नसते.

प्रामाणिक राहिलेल्या मुलाचे काय?

आमच्या भूमिकेवरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. गरिबी सगळ्यांनाच होती. त्याच खेड्यातून, त्याच चाळीतून आलेल्या दुसऱ्या मुलाने पैसे नाकारले. मग गरिबीचे कारण सांगून एकाला सूट देणे हा त्या दुसऱ्यावर अन्याय नाही का? आमिर परतला तेव्हा मोहम्मद हफीज आणि अझर अली यांनी त्याच्यासोबत शिबिरात थांबायला सुरुवातीला नकार दिला होता. त्यांचा राग आम्हाला समजतो. मुंबईच्या हिकेन शाहवर जानेवारी २०१६ मध्ये पाच वर्षांची बंदी आली, कारण त्याने ज्या मुंबईच्याच सहकाऱ्याकडे विषय काढला त्या सहकाऱ्याने ती माहिती वर कळवली. असे कळवायला हिंमत लागते आणि अशा माणसाचा मान सर्वांत आधी.

म्हणूनच आम्ही माफी मागत नाही आहोत. पाच वर्षे, सात वर्षे ही सूट नाही. त्या काळात प्रामाणिक मुलाला संघात जागा मिळते, दोषी घरी बसतो. परतल्यावर संघात घ्यायचे की नाही हे निवड समितीच्या हातात राहते. कुणालाही देशाची टोपी हक्काने मिळत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याला क्लबचा सामना खेळायला, एखाद्या मैदानावर मुलांना शिकवायला, पंच म्हणून उभे राहायला मरेपर्यंत मनाई असावी का. आजीवन बंदीत हे सगळे बंद होते. ज्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडून फक्त चेंडू हातात घेतला, ज्याची सगळी आशा रेल्वेच्या किंवा बँकेच्या क्रीडा कोट्यावर होती, त्याच्यासाठी ही क्रिकेटबंदी राहत नाही, रोजीरोटीची बंदी होते.

आणि गरिबी हे एकटे कारण आम्ही धरत नाही. वय, पहिली वेळ, वरून आलेला दबाव, कबुली आणि नंतरचे सहकार्य या सगळ्या गोष्टी एकत्र पाहाव्यात. तिशीतल्या, कोट्यवधी कमावलेल्या, दुसऱ्यांना सौदा देणाऱ्या खेळाडूला यातले काहीही लागू होणार नाही. त्याला खुशाल आयुष्यभर बाहेर ठेवा.

कायदा कुठे आहे?

आपल्या देशात फिक्सिंगसाठी वेगळा फौजदारी कायदाच नाही. म्हणून २०१३ मध्ये मकोका ओढूनताणून लावावा लागला आणि तो टिकला नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की मॅच फिक्सिंग कलम ४२० च्या फसवणुकीत बसत नाही. विधी आयोगाने २०१८ मधल्या २७६ व्या अहवालात फिक्सिंगला फौजदारी गुन्हा ठरवण्याची शिफारस केली होती. श्रीलंकेने २०१९ मध्ये असा कायदा करून दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. आपल्याकडे कायदा नसल्याने दलाल आणि बुकी जामिनावर सुटून दुसऱ्या हंगामाला लागतात. मंडळाची शिस्त त्यांना लागूच होत नाही. ती लागू होते फक्त खेळाडूला.

दुसरीकडे पैजेचा बाजार मंडळाच्याच मांडवात वाढला. २०२० च्या आयपीएलचे शीर्षक ड्रीम इलेव्हनचे होते, २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवरही तेच नाव होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली तेव्हा ते उतरले. त्याआधी न्यायालयांनी हा कौशल्याचा खेळ मानला होता, हे खरे. पण दर षटकामागे 'संघ लावा, पैसे जिंका' असे ऐकत मोठ्या झालेल्या पोराला आपण अचानक सांगतो की क्रिकेट आणि पैसा यांची सरमिसळ पाप आहे. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

आपण काय मागावे?

क्रिकेट मंडळ खासगी संस्था आहे, आपण काय करणार, असे म्हणून सोडून देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्येच सांगितले की मंडळ सार्वजनिक काम करते आणि न्यायालयाच्या तपासणीला उत्तरदायी आहे. म्हणजे नैसर्गिक न्यायाची भाषा त्याला ऐकावीच लागेल. आमच्या मागण्या अशा.

एक, तेवीस वर्षांखालील खेळाडूच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सात वर्षांची असावी आणि त्यातली काही वर्षे सहकार्यावर अवलंबून कमी व्हावीत.

दोन, दुसऱ्या खेळाडूला सौद्यात आणणारा, कर्णधार, प्रशिक्षक, संघाचा अधिकारी किंवा मालक यांच्यासाठी आजीवन बंदी हीच सुरुवातीची शिक्षा असावी. मालक दोषी ठरला तर संघाची मालकीही जावी.

तीन, चौकशी ठरावीक महिन्यांत संपावी आणि वकील न परवडणाऱ्या खेळाडूला मंडळाच्या खर्चाने वकील मिळावा. सारख्या प्रकरणातल्या एकाची शिक्षा कमी झाली की दुसऱ्याची आपोआप तपासली जावी.

चार, फिक्सिंगविरोधी फौजदारी कायदा व्हावा आणि त्याचा रोख दलाल व बुकीवर असावा.

पाच, जिल्हा संघापासून प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत हे नियम समजावून सांगावेत. इंग्रजीतल्या कागदावर सही घेणे म्हणजे समजावणे नव्हे.

खेळणाऱ्या मुलांना

तरुण मित्रांनो, शेवटचे तुमच्याशी. आता महाराष्ट्रात एमपीएल आहे, मुंबईची टी-ट्वेंटी लीग आहे, गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत. आपल्या वस्तीतली पोरे त्यांत दिसू लागली आहेत याचा आम्हाला आनंद आहे. पण जिथे नवा खेळाडू आणि नवा पैसा एकत्र येतो तिथे दलाल आधी पोचतो. तो पहिल्या दिवशी नोबॉल मागत नाही. आधी बूट देतो, बॅट देतो, हॉटेलात जेवू घालतो, आईच्या औषधाचे पैसे देतो. मग संघात उद्या कोण खेळणार एवढेच विचारतो. तेही सांगणे गुन्हा आहे. आणि कोणी विचारले हे न कळवणे हाही गुन्हा आहे. बांगलादेशचा शाकिब अल हसन याने काहीही फिक्स केले नव्हते. दलालाचे निरोप आल्याचे कळवले नाही, एवढ्यावर २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यातले एक वर्ष स्थगित.

म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. प्रशिक्षकाला, संघाच्या व्यवस्थापकाला, घरी. व्यवस्थापकच सौदा करत असेल तर थेट मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी कक्षाला कळवा. निरोप पुसू नका, जपून ठेवा. आणि समजा पाय घसरलाच, तर लपवू नका. आमिरला परत येता आले ते कबुली दिल्यानंतरच.

वस्तीतल्या आपल्या सर्वांचीही एक जबाबदारी आहे. असा एखादा पोरगा शिक्षा भोगून परत आला तर त्याच्या नावाने आयुष्यभर शिट्ट्या मारायच्या की त्याला मैदानावर उभे करून बारा वर्षांच्या मुलांना 'माझे काय झाले ते ऐका' असे सांगायला लावायचे, हे आपण ठरवायचे आहे. आमच्या मते त्याच्या तोंडून ऐकलेले त्या मुलांना जन्मभर पुरेल.